तोच पांढरा

आमच्या गाडीच्या आर.सी.वर रंगाच्या रकान्यात 'व्हाइट' लिहिलं आहे. मागच्या तीन-चार वर्षांत कोणी आर.सी. आणि गाडी शेजारी ठेवून पाहिली असती, तर त्याला ती आर.सी. दुसऱ्याच गाडीची वाटली असती. टप ज्वारीच्या भाकरीच्या रंगाचा. बोनेटवर हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी. आणि डाव्या दाराच्या खालच्या कडेला, गव्हावर पडतो तसा तांबेरा.

गाडी मारुती 800, 2004 चं मॉडेल, एमएच 29. मी 2013 मध्ये घेतली, तिसरा मालक म्हणून. पुढच्याच वर्षी, 2014 च्या जानेवारीत, कंपनीने ही गाडी बनवणंच बंद केलं. 1983 च्या डिसेंबरात पहिली निघाली होती, म्हणजे तीस वर्षं चालली. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, दारव्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावच्या फाट्याला. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की शेतातल्या मोटरी जळायला लागतात आणि ही गाडी ॲम्ब्युलन्स होते. मागच्या सीटवर पाच एचपीची मोटर झोपवून आणायची. खरिपात त्याच सीटवर युरिया आणि डीएपीच्या थैल्या. याचा हिशेब पुढे येणार आहे.

2019 ला गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत जाऊन पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करून आणली. तेव्हा कारची फी 600 रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली, पर्यावरण कर वेगळा. आता 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा जायचं होतं. एवढे पैसे भरायचे आणि साहेबांनी दाराच्या भोकात बोट घालून परत पाठवायचं, हे काही बरोबर नाही. म्हणून फेब्रुवारीत ठरवलं की पत्रा आणि रंग, दोन्ही एकदाचं उरकून टाकू.

यवतमाळला विचारलं, अडतीस हजार. दारव्ह्याला पंचवीस, पण तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग मारणार होता आणि सडलेल्या पत्र्याचं "पाहू ना मंग" म्हणत होता. घरात गाडीच्या नावाचे बारा हजार होते, त्यातले सात बायकोच्या भिशीचे. त्यामुळे तिच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही मोटरीले वार्निश करता ना? मग घरीच करा." तिला ते टोमण्यासारखं म्हणायचं होतं. मी ते मनावर घेतलं.

आमच्या भागातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर जे मोर आणि 'आईचा आशीर्वाद' दिसतो, त्यातलं निम्मं काम एका माणसाच्या हातचं आहे. त्यांना सगळे पेंटर काका म्हणतात. सातशे रुपये रोज, चहा वेगळा. ते आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "भाऊ, मारुतीले काय लागते? दोन डबे ऑइलपेंट अन् दोन दिवस."

ऑइलपेंट नको, यावर मी अडून बसलो. ट्रॉलीला तो चालतो, कारण ट्रॉलीला कोणी जवळून पाहत नाही. वाळायला दिवस-रात्र लागते, तोवर गावातली सगळी धूळ त्यावर बसून घेते, आणि आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत चमक मरते. एनसी लवकर वाळतो, पण त्याची चमक घासून आणावी लागते आणि पेट्रोलचा थेंब पडला की डाग पडतो. मला पीयू हवा होता, म्हणजे पॉलियुरेथेनचा. रंग, त्यात हार्डनर, त्यात थिनर. महाग आहे, पण एकदा पक्का झाला की थिनरलाही दाद देत नाही. पांढरा असण्याचा इथे फायदा झाला. मेटॅलिक रंगाला आधी बेस, मग वरून क्लिअर असे दोन वेगळे थर लागतात. साध्या पांढऱ्याला एकाच डब्यात काम भागतं, आणि कुठे हात कमी-जास्त झाला तरी ढग दिसत नाहीत. काकांनी सुचवलं होतं, "निया करू ना, मोरपंखी." पण रंग बदलला की आरटीओत आर.सी.वरची नोंदही बदलून घ्यावी लागते. निळ्याच्या नादात आणखी एक फाइल कोण फिरवणार! तोच पांढरा ठरला. दारव्ह्याच्या रंगाच्या दुकानात 'सुपीरियर व्हाइट' म्हटलं की डबा पुढे येतो.

काम कोठ्यात करायचं ठरलं. बैल विकल्यापासून तो रिकामाच आहे. बंपर, लाइट, हँडल, रबर बीडिंग सगळं काढलं. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत घालून प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. हे काम माझ्या धंद्यातलंच. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवलं. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, लांबी आहे, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. उजवीकडे सगळीकडे चिकटलं. डाव्या मागच्या दारावर, हँडलच्या खाली, एक वीतभर जागेत घसरून पडलं. काकांनी छिन्नीने टोकरलं तर बोटाच्या जाडीची लांबी निघाली. आधीच्या दोघांपैकी कोणीतरी दाराला पोचा पाडला होता आणि तो ठोकून काढायच्या ऐवजी भरून टाकला होता. मला गाडी विकताना "एकदम अनटच" असं सांगितलं होतं.

आता तांबेऱ्याचं. मला वाटायचं गंज बाहेरून आत जातो, पावसाने. डावं दार उलटं करून पाहिलं तेव्हा कळलं की उलट आहे. काचेच्या फटीतून दारात पाणी जातच असतं, ते निघून जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला कंपनीनेच बारीक भोकं ठेवलेली असतात. आमच्या काळ्या मातीने ती पार बुजली होती. पाणी आत साचत राहिलं आणि पत्रा आतून खात आला. तारेने एकेक भोक मोकळं केलं तर वाळलेल्या चिखलाच्या कांड्या बाहेर आल्या, पेन्सिलीच्या शिशासारख्या. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी रंगाचं राहू द्यावं, पण आज एवढं मात्र करावं. तार लागते, पैसे लागत नाहीत.

मागच्या सीटखालचा पत्रा मात्र माझ्या कर्माने गेला होता. खत हवेतला ओलावा ओढतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. थैली फाटून सांडलेले दाणे मी झाडले, पण मॅटखाली गेलेले तसेच राहिले. ते ओलावा धरून बसले आणि त्यांच्या क्षाराने पत्र्याची चाळणी झाली. मॅट उचलली तर खालची जमीन दिसली.

वेल्डिंगला फाट्यावरच्या भाऊला बोलावलं. वखर आणि डवऱ्याच्या कामात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. पण वखराचं लोखंड कुठे आणि मारुतीचा पत्रा कुठे. हा एक मिलिमीटरही जाड नाही. त्याने आर्क लावला आणि रुपयाएवढं भोक बुजवायला गेला तर ते लिंबाएवढं झालं. तो स्वतःच म्हणाला, "हे माह्यं काम नाई बाप्पा." शेवटी दार आणि सीट काढलेली गाडी टोचन करून दारव्ह्याला गॅस वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने पातळ पत्र्याचे तुकडे कापून थोडं इकडे, थोडं तिकडे असे टाके घातले, मध्ये मध्ये ओलं फडकं लावत, नाहीतर तापून पत्रा पापडासारखा वाकतो. पत्र्यासकट दीड हजार. रस्त्याने जाताना लोक हात करून विचारत होते, "ॲक्सिडेंट झाला का हो?"

त्यानंतर घासाई. याच्याबद्दल कोणी फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही नसतं आणि करण्यासारखं सगळं तेच असतं. सात दिवसांच्या कामात चार दिवस घासाई. मोटरीच्या कॉइलला मी वार्निश करतो तेव्हा आधी ती भट्टीत तापवून ओलावा काढतो. तो राहिला तर वार्निश कितीही भारी घ्या, मोटर परत येते. इथेही तसंच आहे हे मला पटलं होतं, पण काकांना पटवायला वेळ लागला. ट्रॉली घासत नाहीत.

लांबी पिवळसर असते. तीत नळीतलं हार्डनर वाटाण्याएवढं घालून पत्र्याच्या पट्टीने कालवायची आणि दहा-पंधरा मिनिटांत लावून मोकळं व्हायचं, मग ती दगड होते. दुपारच्या उन्हात तर हातातच दगड होते. डाव्या बाजूला सगळीकडे ते पिवळे पट्टे पाहून आमची माय ओट्यावरून म्हणाली, "गाडी हाये का नवरदेव? हयद लावून रायले सकायपासून."

घासताना पॉलिश पेपर नुसता बोटांनी धरला तर बोटांच्या चऱ्या पडतात. रंग मारल्यावर उजेडात त्या नांगरटीसारख्या दिसतात. रबरी ठोकळा दुकानात मिळतो, पण काकांनी माझी जुनी स्लीपर मागितली, टाचेकडचा भाग चौकोनी कापला आणि त्याला पेपर गुंडाळला. सपाट जागेला तो, बाकदार जागेला अंगठ्याकडचा पातळ भाग. आधी 80 चा पेपर, मग 180, मग प्रायमर, मग पाणी टाकत टाकत 400 आणि 600. प्रायमरवर काकांनी एक गंमत केली. उरलेला काळा रंग थिनरमध्ये पाण्यासारखा पातळ करून दुरून नुसता शिंतडला. मग घासायला लागलं की उंच जागेवरचा काळा निघून जातो आणि जिथे खड्डा आहे तिथे राहतो. बोटाला न लागणारा खड्डा डोळ्याला दिसतो. डाव्या मागच्या दारावर काळे ठिपके राहिले ते राहिलेच. तीनदा लांबी, तीनदा घासाई. चौथ्यांदा मी म्हणालो, जाऊ द्या. काका म्हणाले, "तुमी म्हणता म्हणून सोडतो, मले दिसून रायला." आज तो खड्डा मलाही दिसतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बरोबर.

कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याचा. भाडं घेतलं नाही, त्याच्या मोटरचा कपॅसिटर मी 180 रुपयांचा नवीन बसवून दिला, फिटंफाट. टाकीच्या खालचा नट सैल केला तर चहाच्या रंगाचं अर्धा लिटर पाणी पडलं. ते पाणी हवेबरोबर रंगात गेलं असतं तर पुरळ उठलं असतं. कोठ्याच्या तिन्ही बाजूंनी बायकोच्या आणि मायच्या जुन्या साड्या ओल्या करून टांगल्या, जमिनीवर पाणी शिंपडलं. काचा जुन्या वर्तमानपत्रांनी दुहेरी झाकल्या, कारण एकेरी कागदातून थिनर झिरपला तर छापील शाई काचेवर उतरते.

पहिल्या दिवशी फक्त बोनेट. सोडवून दोन ड्रमवर आडवं ठेवलं, म्हणजे चुकलं तर एवढंच चुकेल. आणि चुकलं. मी पैसे वाचवायला बिनलेबलचा सुटा थिनर आणला होता. मारलं दुपारी एकला. संध्याकाळी पाहतो तर बोनेटवर संत्र्याची साल. पेंटर लोक त्याला हेच म्हणतात. संत्र्यांच्या वरुड-मोर्शीत तेव्हा कसं होतं माहीत नाही, आमच्याकडे भरघोस आली होती. तापलेल्या हवेत रंगाचा थेंब पत्र्यावर पोचेपर्यंतच अर्धा वाळतो, मग तो पसरत नाही, दाणा होऊन बसतो. काका म्हणतात दोष थिनरचा, मी म्हणतो दुपारचा. यावर अजून एकमत नाही. पण पुढचं सगळं काम डब्याच्याच कंपनीच्या थिनरने आणि सकाळी दहाच्या आत केलं. सुटा थिनर स्प्रे गन धुवायला वापरला, त्यासाठी तो उत्तम आहे.

त्या रात्री काका खोकत राहिले. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो आणि तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याने ते अडत नाही, हे मी त्यांना आधी वाचून दाखवलं होतं. "पस्तीस वर्षं झाले, काई नाई होत" म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी मी दारव्ह्याहून दोन डबड्यांचा मास्क आणला, साडेआठशेचा. त्यांनी काही न बोलता घातला. बजेटमध्ये तो नव्हता. गन त्यांच्याच हातात राहिली आणि मी साड्यांच्या बाहेर उभा.

दुसरा घोटाळा बोनेट बसवून पाहिल्यावर कळला. माझा बेत होता की बोनेट, टप आणि डावी बाजू रंगवायची, उजवी बाजू बरी आहे ती नुसती पॉलिश करायची. बारा हजार त्याच हिशेबाने होते. पण नवीन पांढऱ्याशेजारी जुना पांढरा काय दिसतो, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. काल बरी वाटणारी उजवी बाजू एकदम पिवळी पडली. बायको चहा घेऊन आली, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "एकाच बुटाले पॉलिश केल्यासारखं दिसते." भिशीचे आणखी पाच हजार तिनेच काढून दिले. कधी आणि कसे परत करायचे ते तिने सांगितलं आहे, इथे लिहीत नाही.

टप मारताना लाइट गेली. हवेचा दाब उतरला आणि गनने फवारा सोडून थुंकी टाकली. ते नंतर घासून निघालं. उजवी बाजू शेवटची होती. सकाळी नऊ. शेवटचा हात ओला चकचकीत बसला होता. काका मास्क काढून बाजूला झाले आणि चुलतभावाच्या खळ्यावर थ्रेशर सुरू झालं. तूर. वारा आमच्याकडे. मी धावत गेलो, थांबव म्हणून. तो म्हणाला, "मजूर आले ना दादा, कायले थांबवू? तूच गाडी घरात घे." परत आलो तर ओल्या साड्यांनी बरंचसं अडवलं होतं, पण मागच्या दारावर तुरीच्या कुटाराचे नऊ तुकडे. मोजले. शिवाय एक चिलट, पंख पसरून. मी नखाने काढायला गेलो तर काका ओरडले. ओल्यातून काढलं तर खड्डा पडतो. राहू द्यायचं, पक्कं वाळू द्यायचं, मग 1500 आणि 2000 च्या पेपरने पाण्यात घासायचं आणि रबिंग कंपाउंडने चमक परत आणायची. तीन दिवसांनी तसं केलं. नऊच्या नऊ गेले. चिलटाचा एक पंख खोल होता. तो आहे.

एकूण खर्च 18,230. सगळ्यात मोठा आकडा काकांच्या रोजीचा, 4,900, त्याखालोखाल तीन लिटर रंग आणि हार्डनर, 4,200. बीडिंग आणि क्लिपांना तेराशे लागले, ते कोणी धरतच नाही. जुनं रबर काढताना तुटतंच. गन अकराशेची होती, ती आता माझ्याकडे आहे. मोटरीच्या बॉडीला रंग मारायला कामी येते. उरलेल्या पांढऱ्यातून काकांनी माझ्या दुकानाचा बोर्ड लिहिला आणि न विचारता कोपऱ्यात मोर काढला.

एका गोष्टीवरून आमचं भांडण झालं होतं. शेवटच्या दिवशी गनमध्ये थोडा रंग उरला, तो वाया कशाला जाऊ द्यायचा म्हणून काकांनी बोनेट उघडून इंजिनच्या मागच्या पत्र्यावर मारून टाकला. न घासता. मी चिडलो. न घासलेल्यावर रंग धरत नाही. ते म्हणाले, "आत कोण पायते?"

सप्टेंबरात यवतमाळला आरटीओत पाहणारा निघाला. चेसिस नंबर त्याच पत्र्यावर कोरलेला. नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवायची, म्हणजे छाप उठतो. छाप उठला, पण रंगाने खाचा भरल्यामुळे 8 आणि 3 सारखेच दिसत होते. साहेब म्हणाले, साफ करून आणा, मी इथेच आहे. पीयू थिनरला दाद देत नाही हे मीच सगळ्यांना सांगत फिरलो होतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात फेब्रुवारीपासून 1000 च्या पेपरचा तुकडा पडलेला होता, स्लीपरच्या तुकड्यासकट. तो काढला, पण लागला नाही. नख लावलं आणि रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा सोलून आला. खाली कंपनीचा रंग होता, 2004 चा, ऊन न लागलेला. आकडे लख्ख. मी वाकून सोललेल्या कडेवरचा नवा आणि खालचा जुना शेजारी शेजारी पाहत राहिलो, तेवढ्यात साहेब आले. छाप घेतला, आर.सी. पाहिली, गाडीभोवती फिरले.

"रंग बदललाय का?"

"नाही साहेब. तोच आहे."